तण ठेवायचा वाफा

पेडगावच्या ज्या भावांनी सोयाबीनच्या रानातले दहा-बारा गुंठे आमच्या तणनाशकाच्या चाचणीला दिले, त्यांची अट एकच होती. तण ठेवायचा वाफा रस्त्याच्या अंगाला नको. औषधानं पीक थोडं हबकलं तरी चालेल, एखादा वाफा जळाला तरी बघून घेऊ, पण येता-जाता कुणी "यांच्या घरी बाईमाणूस आहे की नाही" असं म्हणता कामा नये. स्वच्छ रान ही मराठवाड्यात इभ्रतीची गोष्ट आहे. किती पोती झाली हे खळ्यावर कळतं, रान कसं ठेवलंय हे मात्र रोज सगळ्या शिवाराला दिसतं.

गंमत अशी, की हा वाफा कुठं ठेवायचा हे आमच्याही हातात नव्हतं. आठ ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन, असे चोवीस वाफे. प्रत्येक रेप्लिकेशनमध्ये कुठल्या वाफ्याला कुठली ट्रीटमेंट हे चिठ्ठीनं ठरतं. आपण आपल्या सोयीनं चांगली जागा चांगल्या औषधाला दिली की चाचणी संपली. पुढचे आकडे फक्त कागद भरायला. म्हणजे तणाचा वाफा एक नाही, तीन, आणि ते कुठं येतील ते चिठ्ठी सांगणार. शेवटी चाचणीच उचलून आत, विहिरीच्या बाजूला नेली. चिठ्ठ्या होत्या तशाच राहिल्या, भावांची इभ्रतही राहिली.

पेडगाव म्हटलं की वेड पांघरायची म्हण आठवते, पण ते पेडगाव श्रीगोंद्याकडचं, भीमेकाठचं. हे परभणी तालुक्यातलं, मनमाडकडून येताना परभणीच्या अलीकडचं स्टेशन. चांगल्या रानात मुद्दाम तण वाढवून ते कात्रीनं कापून कागदी पिशव्यांत भरून नेणारी माणसं बघून इथल्या लोकांना ती म्हण आठवली असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून कृषिविद्या शिकले आणि पुढे बरीच वर्षं तणनाशकांच्या चाचण्यांवर संशोधन सहायक म्हणून काम केलं. लोकांना वाटतं, चाचणी म्हणजे औषध मारायचं आणि तण मेलं का बघायचं. तण मेलं का हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग असतो, ते कशाच्या मानानं मेलं हा. त्यासाठी दोन वाफे लागतात. एक, ज्यात पेरणीपासून काढणीपर्यंत तणाला कुणी हात लावत नाही. दुसरा, ज्यात तणाला डोकं वर काढू देत नाहीत. पहिल्यावरून तणनियंत्रणाची कार्यक्षमता काढतात, दुसऱ्यावरून उत्पादनातली घट. बाजारात कितीही महागडं औषध येवो, त्याला या दोन वाफ्यांमध्ये उभं राहूनच आपली किंमत सांगावी लागते. आणि हा दुसरा वाफा बायका खुरप्यानं तयार करतात.

पण आधी फवारणीचं सांगते, कारण तिथंच बहुतेक औषधं पास-नापास होतात. औषध काढण्याआधी आम्ही पंपात साधं पाणी भरून वाफ्यावर मारून बघतो. फवारणाऱ्या गड्याची चाल, नोझल आणि दाब धरून वाफ्याला किती पाणी लागलं ते मोजायचं, त्यावरून औषधाचा हिशोब करायचा. गावातला प्रश्न याच्या बरोबर उलटा असतो: "मॅडम, पंपाला किती?" कृषी सेवा केंद्रात पंपाचंच माप सांगतात, टोपणाचं माप सांगतात. आता इमॅझेथापायर १० टक्के एसएल घ्या. शिफारस हेक्टरी एक लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली. एकर दहा पंपांत होत असेल तर पंपाला ४० मिली बरोबर. पण घाईत असलेला गडी तोच एकर सात पंपांत उरकतो आणि औषध पडतं २८० मिली. सावकाश चालणाऱ्याला तेरा पंप लागतात आणि पडतं ५२० मिली. पहिला म्हणतो औषध बोगस निघालं, दुसरा म्हणतो पीक जाळलं. दुकानदार तोच, बाटली तीच. शिवाय पंप कीटकनाशकाचा, नोझल गोल फवाऱ्याचं. तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट लावा, हे वीस-तीस रुपयांचं काम सांगून सांगून माझा घसा बसला आहे.

पेंडिमेथॅलीन पेरणीनंतर, पीक उगवायच्या आत मारायचं असतं. पिवळंधमक औषध, हातमोजा फाटका असेल तर बोटं दोन दिवस पिवळी राहतात. त्याचा थर मातीच्या वरच्या पापुद्र्यात बसतो आणि उगवू बघणारा कोंब तिथंच मरतो. त्यासाठी वर ओल हवी, ढेकळं नकोत आणि मारल्यावर रान तुडवायला नको. परभणीच्या काळ्या भारी जमिनीत या तिन्ही गोष्टी एका वेळी मिळणं म्हणजे नशीब. मृगात पाऊस पडतो, वापसा येतो, सगळं गाव एकदम पेरणीला भिडतं. त्या गर्दीत बैल, ट्रॅक्टर, माणसं सगळं पेरणीला. फवारणीला कोण रिकामं? उद्या करू म्हणेपर्यंत सोयाबीन डोळे काढतं. पाऊस ओढ देतो तेव्हा जमीन भेगाळते, आणि भेगेतून उगवलेल्या तणाला या थराशी काही देणंघेणं नसतं. अहवालात एवढंच येतं की अमुक औषध अमुक मात्रेत, इतकी कार्यक्षमता. त्या आठवड्यात वापसा कसा होता, हे मजकुरात कुठंतरी अर्ध्या ओळीत.

उगवणीनंतरच्या औषधांचं दुखणं वेगळं. इमॅझेथापायर मारलं की सोयाबीन आठवडाभर पिवळट पडतं, वाढ थांबल्यासारखी वाटते. ॲसिफ्लोरफेन आणि क्लोडिनाफॉपचं मिश्रण मारलं की पानं करपल्यासारखी ठिपक्या-ठिपक्यांची होतात. दोन्हींतून पीक सावरतं, बहुधा दहा-पंधरा दिवसांत. पण ते दिवस शेतकऱ्यानं कसे काढायचे? आम्ही शून्य ते दहाच्या मापावर पिकाला झालेली इजा नोंदवतो, दोन-तीन आकडा लिहितो आणि पुढच्या वाफ्याकडे जातो. भाऊ बांधावर उभे राहून विचारत होते, "हे वर येईल ना?" येईल, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं, कारण विद्यापीठाच्या संशोधन केंद्रावर ते दर वर्षी बघितलेलं. पण केंद्राच्या रानात माझं काही जात नव्हतं, हेही खरं.

तणांची मोजणी हा सगळ्यात कंटाळवाणा आणि मला सगळ्यात आवडलेला भाग. पन्नास सेंटिमीटर बाजूची लोखंडी चौकट वाफ्यात अंदाजानं टाकायची, आत जेवढं तण आलं ते जातवार मोजायचं, मग मुळापासून कापून पिशवीत घालायचं आणि ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं. हरळी, लव्हाळा, लोणा, केना, दुधी, कुंजर, माठ, तरोटा, रेशीमकाटा, चांदवेल, एकदांडी, गाजरगवत. तण दोन पानांवर असताना कुंजर कुठलं आणि माठ कुठला, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पुस्तक उघडून बघावं लागतं. खुरपायला आलेल्या मावशी उभ्या उभ्या सांगतात. बी पडलं तेव्हापासून ओळखतात म्हणा ना.

केना त्यांनीच मला नीट दाखवला. निळ्या फुलाचं, मऊ, रसाळ तण. उपटताना कांडी तुटली आणि ओल्या मातीवर पडली, की पेऱ्याला मुळं फुटून नवं झाड उभं. मावशींनी एक झाड हलक्या हातानं मातीसकट उकरलं आणि खालच्या पांढऱ्या फांद्या दाखवल्या. केन्याला जमिनीच्या आतही फुलं येतात, न उमलता तिथंच बी धरतं. वरचं बी वेगळं, खालचं बी वेगळं. "वर काय बी करा, याचं घर खाली हाय," त्या म्हणाल्या. म्हणून त्या केना उपटून तिथंच टाकत नाहीत, ओट्यात भरून धुऱ्यावर उन्हात नेऊन टाकतात. खुरपणीचा वाफा स्वच्छ राहतो तो अशा कारणांनी. प्रबंधात मी लिहिलं होतं, "तणविरहित: आवश्यकतेनुसार खुरपणी". दोन शब्दांत सगळं आलं आणि काहीच आलं नाही.

खुरपणीच्या दिवशी बायका पात धरून बसतात. मुकादम मावशी कडेला, बाकीच्या ओळीनं, एकीनं मागं पडायचं नाही. केंद्रावर रोजानं येतात, गावात बहुतेक गुत्तं घेतात. एकराचं ठरवायचं, दहा-बारा जणींनी मिळून उरकायचं आणि पैसे वाटून घ्यायचे. तणाच्या दिवसांत दोन गुत्त्यांच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो, कारण सगळ्या गावाचं रान एकाच आठवड्यात वापशावर येतं. तणनाशक खपायला लागलं ते याच कारणानं. पाऊस चार दिवस उघडतो, सोयाबीनची पहिली ३० ते ४५ दिवसांची मुदत हीच खरी तणाशी झुंज, आणि नेमक्या त्या वेळी बायका मिळत नाहीत. मिळाल्या तर रोज मागच्या वर्षीपेक्षा वर गेलेला असतो. ज्याच्याकडे पाच एकर आहे आणि मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्यानं काय करावं?

मग आमचा तक्ता येतो. उत्पादनाच्या रकान्यात खुरपणीचा वाफा जवळपास नेहमी पहिला असतो. त्याच्या मागोमाग, फारसं अंतर न ठेवता, पेंडिमेथॅलीन आणि महिन्यानं एक खुरपणी असा वाफा. निव्वळ औषधाचे वाफे त्यांच्या मागं. पण निव्वळ नफ्याच्या रकान्यात आलं की पहिला नंबर घसरतो, कारण खर्चात मजुरी आहे. नफा-खर्चाचं गुणोत्तर काढलं की औषधाचे वाफे वर येतात आणि शिफारस त्यांच्या बाजूनं झुकते. हिशोब चुकीचा नाही. शेतकऱ्याच्या खिशाचा तो खरा हिशोब आहे. फक्त ज्या आकड्याला आम्ही वाचलेला खर्च म्हणतो, तो आकडा पात धरून बसलेल्या बायकांच्या पोटाला मिळणारा पैसा आहे, आणि पट्टी म्हणून वापरलेला वाफा त्यांनीच करून दिलेला आहे. मोजमाप ज्यांच्या हातानं होतं त्यांचंच काम त्या मोजमापानं कमी होतं. मी हे एका बैठकीत बोलले तेव्हा कुणी विरोध केला नाही, पण चर्चा पुढच्या विषयाकडे गेली.

मावशींना हे कळत नाही असं नाही. तणाच्या वाफ्यात घोळ, तांदुळजा, कुंजर भरपूर यायचं. दुपारच्या सुट्टीत त्या भाजी खुडायच्या. एकदा एकीनं फवारलेल्या वाफ्याच्या कडेची, अजून हिरवी असलेली घोळ खुडली. मी म्हटलं, मावशी, ती नका नेऊ, औषध मारलंय. त्यांनी भाजी टाकली, पदराला हात पुसले आणि विचारलं, "मग ह्या सोयाबीनचं तेल आपन खायाचं का नाय?" फवारणीपासून काढणीपर्यंत ठरलेला काळ जावा लागतो, तो लेबलवर लिहिलेला असतो, पान आणि दाणा यांत फरक असतो, हे मी समजावून सांगितलं. सांगितलं ते बरोबरच होतं. त्यांचं समाधान झालं असं मात्र मला वाटलं नाही. तणनाशक आलं तेव्हा पावसाळ्यातली फुकटची भाजी गेली, ही गोष्ट कुठल्या खर्चाच्या रकान्यात मांडायची?

पानाची गोष्ट निघालीच आहे तर तंबाखूची सांगते. शिकत असताना आमची सहल निपाणीकडे गेली होती. सीमाभागातलं विडी-तंबाखूचं मोठं केंद्र. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचं आंदोलन झालं आणि गोळीबारात शेतकरी मारले गेले ते हेच निपाणी. तिथं तणनाशकाची चाचणी आमच्याहून किती नाजूक आहे ते कळलं. सोयाबीनचं पान पिवळं पडलं तर दाणा भरून निघतो. तंबाखूत पान हाच माल. त्यावर डाग पडला, जाडी बदलली, वास बदलला की भाव गेला. म्हणून तिथं जोर रोपवाटिकेच्या सफाईवर आणि सरीतल्या कोळपणीवर. आणि खरी डोकेदुखी बंबाखूची. हे तण जमिनीतून काही घेतच नाही म्हणा; तंबाखूच्या मुळाला चिकटून आतल्या आत पोसतं आणि वर दिसतं तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. बी धुळीइतकं बारीक, जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत. तंबाखूला न मारता त्याच्या मुळावर बसलेल्याला मारायचं कसं? तेलाचा थेंब थेंब कोंबावर सोडण्यापर्यंत प्रयोग झाले. फुलाआधी हातानं उपटणं हा उपाय अजून कुणाला सुटलेला नाही. आमच्याकडे ज्वारीवरचा टारफुला त्याच जातकुळीचा. ज्वारीच गेली, त्यामुळं तो विसरला गेला.

पेडगावच्या चाचणीत ठरवून न ठेवलेली एक ट्रीटमेंटही झाली. शेजारच्या शिवारात कुणीतरी धुऱ्यावरचं तण मारायला २,४-डी फवारलं, वारा आमच्या बाजूचा होता. सोयाबीनला फारसं जाणवलं नाही, पण पलीकडच्या कपाशीची शेंड्याची पानं आठवड्यात भेंडीच्या पानासारखी चिरफाळलेली, लांबट झाली. कपाशी या औषधाला किती हळवी आहे हे शिकवायला वर्गात मला तास लागायचा. इथं बांधावरून सगळ्यांना दिसलं. रोग आला समजून लोक बुरशीनाशक मारायला निघाले होते. २,४-डी भारतात १९४६ पासून आहे, तरी हे दर वर्षी कुठं ना कुठं होतं.

कपाशीचं नाव घेतलं की खरं दुखणं बाहेर येतं. सरकारमान्य नसलेलं तणनाशकसहनशील बियाणं गावागावांत पोचलंय. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरमध्ये शेतकरी संघटनेनं ते जाहीरपणे पेरून दाखवलं. त्यावर ग्लायफोसेट मारतात. देशात ग्लायफोसेटची मान्यता चहाच्या मळ्यांना आणि पीक नसलेल्या जागेला. २०२२ साली केंद्र सरकारनं त्याच्या वापरावर आणखी बंधनं घातली. बियाणं मान्य नाही म्हणून आम्ही त्याची रीतसर चाचणी करत नाही, चाचणी नाही म्हणून शिफारस नाही, आणि शिफारस नाही म्हणून शेतकरी एकमेकाला विचारून मात्रा ठरवतो. शिवारात जे सर्रास फवारलं जातं, त्याबद्दल सांगण्यासारखं आमच्या वहीत काहीच नाही. यात बियाण्याच्या बाजूनं किंवा विरोधात बोलायचं नाही मला. पण डोळे मिटल्यानं तण मरत नाही, औषधही थांबत नाही.

आणि एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की तण शिकतं. हरियाणात गव्हातल्या गुल्ली दांडा या तणानं नव्वदीच्या सुरुवातीलाच आयसोप्रोट्युरॉनला दाद देणं सोडलं होतं. आपल्याकडे सोयाबीनमधली इमॅझेथापायर, इमॅझामॉक्स, डायक्लोसुलम ही नावं वेगळी, बाटल्या वेगळ्या, पण तिन्हींचा घाव तणाच्या एकाच विकरावर. नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं होत नाही.

तणनाशक वापरू नका असं मी कधीच सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. पण इतक्या हंगामांतून माझं मत पक्कं झालंय, की औषध पहिला महिना विकत देतं, पूर्ण हंगाम नाही. उगवणीआधीचं एक औषध वापशावर, महिन्याच्या आत एक कोळपणी आणि उरलेल्या तणावर बायकांची एक खुरपणी, यापेक्षा भरवशाची शिफारस माझ्या तरी हातून गेलेली नाही. दोन-दोन, तीन-तीन औषधं एका पंपात मिसळून खुरपं बंद करू बघणाऱ्यांचं तण मी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जाऊन बघितलंय. गवतवर्गीय तण जातं आणि केना, दुधी, लव्हाळा मोकळं रान बघून पसरतात.

येत्या मृगात एवढं करा. दुकानात पंपाला किती हे विचारू नका, एकराला किती ते विचारा आणि आपल्या गड्याच्या चालीनं एकराला किती पंप लागतात ते साध्या पाण्यानं मोजून ठेवा. आणि फवारताना रानाच्या एका कोपऱ्यात दोन लहान तुकडे सोडा, एक न फवारलेला आणि एक नुसता खुरपलेला. लोक काय म्हणतील याची भीती वाटत असेल तर विहिरीकडच्या बाजूला सोडा. काढणीच्या वेळी दोन्हींचं सोयाबीन वेगळं मोजा. खुरपणीचे पैसे तेवढे त्याच दिवशी द्या.